बडोद्यात घरबसल्या मोत्यांचे दागिने: पहिल्या माळेपासून नथीपर्यंत

दागिने करायला शिकायचं ठरलं की बरेच जण आधी ऑनलाइन एक मोठा डबा मागवतात. त्यात वीस-पंचवीस कप्पे असतात आणि प्रत्येकात मूठमूठ वेगळे मणी. दिसायला हौस भागते, पण त्यातल्या कुठल्याच मण्यांत एक दागिना पुरा होत नाही. डबा मग कपाटावर जातो. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं असं, की एकच वस्तू निवडा आणि ती मोती असू द्या. दर दोन मोत्यांमध्ये गाठ असलेली एकपदरी माळ तुम्हाला नीट ओवता आली, की कुडी, नथ, चिंचपेटी, तनमणी या सगळ्यांची वाट तिथूनच जाते.

मोतीच का? एक तर या कामात आग, अ‍ॅसिड, डाग देणं (म्हणजे धातूचे सांधे वितळवून जोडणं) यातलं काही नसतं, त्यामुळे घरात लहान मुलं असली तरी चालतं. दुसरं, चूक झाली तर धागा कापायचा आणि पुन्हा ओवायचं, मोती तेच राहतात. आणि तिसरं म्हणजे मराठी घरात मोत्याचा दागिना हळदीकुंकवाला, गौरीला, मुंजीला वापरला जातो. घालायलाच न मिळणारी वस्तू करत राहण्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही.

बडोद्याचं मोत्यांशी असलेलं नातं तर जगाला ठाऊक आहे. बडोद्याचे राजे खंडेराव गायकवाड महाराजांनी १८६५च्या सुमारास करवून घेतलेली मोत्यांची चादर बसराच्या, म्हणजे इराणच्या आखातातल्या नैसर्गिक मोत्यांनी भरलेली आहे. ती २००९ साली दोह्याला लिलावात विकली गेली. गायकवाडांच्या सातपदरी हारातल्या मोत्यांची दोन पदरी माळ २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ७० लाख डॉलरच्या वर गेली. त्या माळेत फक्त ६८ मोती होते. सर्वांत लहान साडेनऊ मिलिमीटरचा, सर्वांत मोठा १६ मिलिमीटरचा, आणि मानेमागून पुढे येताना आकार इतका हळूहळू वाढत जातो की कुठे पायरी जाणवत नाही. शिकणाऱ्याने या हारातून घ्यायचं ते हेच. मोती जुळवणं हे निम्मं काम आहे आणि ते सुई हातात घेण्याआधी करायचं असतं.

खरेदीला निघण्यापूर्वी

तीन पकडी लागतात. एक गोल तोंडाची, तारेला कडी वळवायला. एक चपट्या, निमुळत्या तोंडाची, आतून गुळगुळीत. दातेरी तोंडाची पक्कड घेऊ नका, ती तारेवरचं सोनेरी पाणी खरवडते. तिसरी कापायची. घरातली इलेक्ट्रिकच्या कामाची पक्कड यातलं एकही काम करू शकत नाही, कारण तिचं तोंड मोत्याएवढं मोठं असतं. शिवाय टोकदार चिमटा, मिलिमीटर दाखवणारी पट्टी, बारीक कात्री आणि मोत्याचं छिद्र किंचित रुंद करायला लहान रीमर. मणी ठेवायला वेगळा ट्रे घ्यायची गरज नाही. स्टीलच्या ताटात जाडसर पांढरा नॅपकिन पसरला की मोती घरंगळत नाहीत आणि रंगातला फरकही दिसतो. मोत्यांसकट ही सगळी पहिली खरेदी साधारण हजार रुपयांत बसवता येते, आणि तेवढ्यातच बसवावी.

बसायची जागा खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली क्रीम आणि पांढरा मोती सारखाच दिसतो. सकाळी उठून पाहिलं की माळेचा अर्धा भाग वेगळ्या रंगाचा निघतो.

मंगळबाजारात मोती निवडताना

मणी, धागे, कड्या, हुक या किरकोळ सामानासाठी न्यायमंदिराजवळचा मंगळबाजार बघावा. खरे मोती आणि चांदीचे फासे (माळेची दोन टोकं अडकवणारे हुक) हवे असतील तर मांडवीकडे घडियाळी पोळ भागातल्या सराफांकडे विचारावं. नवरात्रीच्या आधीचे दिवस मात्र टाळा. तेव्हा सगळा बाजार चनियाचोळीच्या आणि ऑक्सिडाइज्ड दागिन्यांच्या मागे असतो, मोत्याचे सर उलगडून दाखवायला कुणाला सवड नसते. मधल्या वारी दुपारी जावं, म्हणजे दुकानदारही नीट बोलतो.

सुरुवातीला काचेचे मोती घ्या. प्लॅस्टिकचे स्वस्त असतात, पण अंगावर वजन जाणवत नाही आणि माळ गळ्यात नीट पडत नाही. काचेच्या मोत्याचा पातळ मुलामा छिद्राच्या कडेला आधी उडतो, म्हणून प्रत्येक सरातल्या दोन-चार मोत्यांची छिद्रं निरखून पाहा. कडा फाटलेल्या किंवा सोललेल्या दिसल्या तर तो सर परत करा. हात बसला की शेल मोती (शिंपल्यापासून बनवलेले नकली मोती) आणि त्यानंतर गोड्या पाण्यातले संवर्धित, म्हणजे शिंपल्यांची शेती करून वाढवलेले मोती घ्यावेत.

मोती खरा की नकली, हे ओळखायला दोन मोती एकमेकांवर हलकेच घासा. खऱ्या मोत्याचं अंग किंचित खरखरीत लागतं, नकली मोती गुळगुळीत घसरतात. संवर्धित मोतीही खऱ्यातच मोडतो, त्यामुळे बसराचा कुठला आणि शेतीतला कुठला हे या परीक्षेतून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणी लागते. म्हणून कुणी जुना बसरा म्हणून मोठी किंमत सांगितली तर नवशिक्याने हात जोडून निघावं.

आणखी एक युक्ती कायम लक्षात ठेवा. मोत्यांचा सर काउंटरवर सपाट ठेवून तळव्याने पुढे-मागे लोळवा. छिद्रं बरोबर मध्यातून गेलेली असतील तर सर सरळ लोळतो. मधेच कुठे उडी मारल्यासारखं झालं, तर तिथल्या मोत्याचं छिद्र तिरकं आहे. असा मोती माळेत कायम मान वाकडी करून बसतो आणि कितीही सफाईने ओवला तरी सरळ होत नाही. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची असते.

माप ८ मिलिमीटरचं घ्या. १६ इंचांच्या एका सरात असे साधारण ५० मोती येतात. गाठ मारली की दर मोत्यामागे लांबी सुमारे १ मिलिमीटरने वाढते, म्हणजे ५० मोत्यांमागे सुमारे पाच सेंटिमीटर. फासा धरला की माळ १८ इंचांच्या आसपास जाते. ही लांबी साडीवरही शोभते आणि कुर्त्यावरही. म्हणून पहिल्या माळेला एक सर पुरतो. तरी त्याच लॉटमधला दुसरा सर लगेच घेऊन ठेवा, कारण पुढच्या खेपेला तीच छटा मिळेल याची खात्री नसते, आणि कुड्यांनाही मोती लागतातच.

धागा रेशमाचा किंवा मोती ओवायचा नायलॉनचा. फुलं ओवायचा सुती दोरा नको, तो घामाने कुजतो. धाग्याची जाडी दुकानातच ठरवा. दुहेरी धागा छिद्रातून किंचित ओढून न्यावा लागला पाहिजे. सैल गेला तर गाठ छिद्रात शिरते आणि गाठ मारूनही काही उपयोग होत नाही. सुई वळवलेल्या बारीक तारेची मिळते, तिचं नाक दाबलं की चपटं होतं. तीच घ्या.

पहिली माळ

दोन मीटर धागा कापा. रेशीम असेल तर आदल्या रात्री त्याच्या टोकाला चमचा बांधून खुंटीला टांगून ठेवा. रेशीम ताणतं, आणि ते ताणणं माळ झाल्यावर व्हायला नको. सकाळी सुईत ओवून धागा दुहेरी करा.

आता ताटातल्या मोत्यांकडे वळा. पन्नासच्या पन्नास एका रांगेत मांडून जरा दूरून पाहा. सारख्या मापाच्या सरातही दोन-तीन मोती बारीक, दोन-तीन फुगीर, एखादा डागी निघतो. चांगले, भरीव आणि चमकदार मोती मधे येऊ द्या, बारीक आणि डागी मानेमागे. मोती फिरवून त्याची स्वच्छ बाजू शोधायची सवयही इथेच लावून घ्या. इतकं केलं तरी साध्या काचेच्या मोत्यांची माळ सराफाकडून आणल्यासारखी दिसते.

पहिल्या आणि शेवटच्या मोत्याची छिद्रं रीमरने थोडी मोठी करून घ्या, कारण त्यातून धागा दोनदा जाणार आहे. खरा मोती असेल तर रीमर फिरवताना मोती ओला ठेवा, कोरडा घासला तर कडेला तडा जातो. पहिला मोती ओवा, मग फाशाची कडी ओवा आणि सुई पुन्हा त्याच मोत्यातून मागे आणा. सुरुवातीच्या टोकाला दहा-बारा सेंटिमीटरची शेपटी सोडायला विसरू नका. ती शेपटी आणि कामाचा धागा यांची मोत्यालगत घट्ट गाठ मारा.

पुढे दर मोत्याला तीच क्रिया. मोती गाठीपर्यंत सरकवा. डाव्या हाताच्या दोन बोटांभोवती धाग्याचा एक वेढा घ्या आणि सुई त्या वेढ्यातून ओढून आणा. गाठ अजून सैल आहे, मोत्यापासून लांब आहे. घाई नवशिक्याला इथेच नडते. धागा लगेच ओढला की गाठ मधेच बसते आणि मोत्याजवळ चिमूटभर दोरा उघडा राहतो. धागा ओढू नका. सैल गाठीच्या पोटात चिमट्याचं टोक घाला आणि त्या टोकाने मोत्याला चिकटेल इतपत गाठ सरकवत न्या. टोक तिथेच दाबून ठेवून दुसऱ्या हाताने धागा हळूहळू ताणा. गाठ आवळत आली की शेवटच्या क्षणी चिमटा बाहेर काढा आणि अंगठ्याच्या नखाने गाठ मोत्याकडे रेटा. दुहेरी धाग्याचे दोन पदर बोटांनी वेगळे करून विरुद्ध दिशांना ओढले तर गाठ आणखी घट्ट बसते.

पहिल्या आठ-दहा गाठी ओबडधोबड होणार. त्या न उलगडता पुढे जा. विसाव्या गाठीपर्यंत बोटांना ताण किती द्यायचा ते कळलेलं असतं. तेव्हा सुरुवातीचा भाग कापून त्याच मोत्यांनी पुन्हा ओवावा, तेही नव्या धाग्याने. जुना धागा पुन्हा वापरू नये.

या गाठींचा खटाटोप कशासाठी? माळ तुटली तर एकच मोती निसटतो, बाकीचे जागेवर राहतात. शिवाय मोती एकमेकांवर घासत नाहीत. मोत्याचं अंग मऊ असतं, शेजारच्या मोत्यानेही त्यावर ओरखडा पडतो.

शेवटच्या मोत्याला आलात की तो ओवा, फाशाची दुसरी कडी ओवा आणि सुई त्याच मोत्यातून मागे आणून त्याच्या अलीकडच्या गाठीवर गाठ मारा. दोन्ही शेपट्या शेजारच्या मोत्यात दडवून कापा. गाठीवर दागिन्यांसाठीचा डिंक सुईच्या टोकावर येईल इतकाच लावावा. झटपट चिकटणारा सुपरग्लू नको. तो धागा कडक करतो, कडक धागा वाकला की तुटतो, आणि मोत्यावर पांढरट धूर धरतो.

फाशाऐवजी गोंड्याची सरकती दोरी लावली तर माळेची लांबी हवी तशी कमी-जास्त करता येते. चिंचपेटीसारख्या गळ्यालगतच्या दागिन्याला मी दोरीच पसंत करते, कारण प्रत्येकीचा गळा वेगळा आणि तो दागिना घरात फिरत असतो.

तार वळवायला शिका: कानातले

माळेने बोटं तयार होतात, तारेने मनगट. तारेच्या गेजचा आकडा उलटा चालतो: आकडा वाढतो तशी तार बारीक होते. २० गेजची तार साधारण ०.८ मिलिमीटर, २२ ची ०.६४, २६ ची ०.४. कानातल्यांना २२ गेज बरी.

टोकाला चपटी टिकली असलेली तयार पिन मिळते, दुकानात तिला हेडपिन म्हणतात. तिच्यात मोती घाला. मोत्याच्या अगदी वर पिन काटकोनात वाकवा, साधारण १ सेंटिमीटर ठेवून बाकीची कापा. कापलेलं टोक गोल पकडीत धरा आणि मनगट फिरवत कडी वळवा. कडी नेहमी त्याच मापाची यायला हवी असेल तर पकडीच्या दांड्यावर त्या जागी मार्करने खूण करा, दर वेळी तार तिथेच धरा. जोडीतले दोन कानातले वेगवेगळे दिसतात ते बहुतेक या एका कारणाने.

कडी उघडताना तिची टोकं एक पुढे, एक मागे अशी करावीत. ती कधीही बाजूंना फाकवू नका. फाकवलेल्या कडीचा गोल पुन्हा येत नाही, आणि त्या फटीतून मोती एके दिवशी रस्त्यात पडतो.

कानात जाणारा हुक चांदीचा किंवा सर्जिकल स्टीलचा घ्या. स्वस्त हुकांत निकेल असतं आणि त्याने अनेकांचे कान चिघळतात. माळ काचेची असली तरी कातडीत जाणाऱ्या धातूत काटकसर करू नये.

नथ

पहिल्याच आठवड्यात नथ करायला बसू नका, पण दुसऱ्या महिन्यात जरूर बसा. करण्याआधी जुन्या नथी डोळे भरून पाहा. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात राजा रवि वर्म्यांची चित्रं आहेत. तिथे चित्रांतल्या स्त्रियांचे दागिने निवांत बघा. मोत्यांची लहान-मोठी मापं शेजारीशेजारी कशी बसवली आहेत, रंगीत खडा किती मोजका वापरला आहे, हे पाहून नजर तयार होते.

नथीला तीन मापांचे मोती लागतात: साधारण २, ३ आणि ४ मिलिमीटर. सोबत एक लाल मणी. सांगाड्याला २० किंवा २२ गेजची तार, बांधणीला २८ गेजची. आधी कागदावर नथ तिच्या खऱ्या मापात काढा आणि सांगाड्याची तार त्या रेषेवर वाकवा. बांधणीची तार टोकाशी चार वेढे देऊन पक्की करा. त्यात एक मोती ओवा, सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला बसवा, सांगाड्याभोवती दोन वेढे, मग पुढचा मोती. मधे लाल मणी आणि त्याभोवती फुलासारखे लहान मोती. वेढा घट्ट हवा, पण २८ गेजची तार पकडीने ओढली तर तटकन तुटते, ती बोटांनीच ओढा. एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवलेली तारही तुटते, म्हणून चुकलेला वेढा एकदाच सोडवा, दुसऱ्यांदा चुकला तर नवी तार घ्या.

नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ करावी, त्याचा तयार चाप लावणं सोपं. तारेचं प्रत्येक कापलेलं टोक बारीक कानशीने घासून आत वळवा आणि गालावर, ओठावर फिरवून पाहा. तिथे टोचलं तर नाकाजवळ नक्की टोचेल.

पुढे काय

चिंचपेटी आणि तनमणी या दोन्हींत पदर वाढतात, म्हणजे लांबीचा हिशेब येतो. दोन-तीन पदर एकाच फाशाला जोडताना आतला पदर सर्वांत आखूड आणि बाहेरचा प्रत्येक थोडा लांब ठेवावा लागतो, नाहीतर एक पदर ताठ आणि दुसरा लोंबता दिसतो. तनमणीचं खोड (मधलं पदक) सुरुवातीला तयार आणा आणि पदर तुम्ही ओवा.

मोत्यांचा कंटाळा आला तर खंबातचा अकीक (अ‍ॅगेट) दगड आहे. खंबात बडोद्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. तिथे राजपिपळ्याकडून आलेला दगड भाजून लाल करतात, घासतात, भोकं पाडतात. लोथलच्या उत्खननात मणी घडवण्याची कर्मशाळा सापडली, तेव्हा हे काम या भागात हडप्पा काळापासूनचं आहे. लाल अकीक आणि पांढरा मोती ही जोडी मला फार आवडते. फक्त दगडाची छिद्रं आतून धारदार असतात, तिथे रेशीम टिकत नाही. गिअर वायर (प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक पोलादी तार) वापरा आणि टोकं क्रिम्प मण्याने, म्हणजे पकडीने चपट्या होणाऱ्या धातूच्या मण्याने दाबा.

जपणूक, आणि आजीची माळ

अत्तर, हेअरस्प्रे, पावडर आधी, मोती सर्वांत शेवटी. काढल्यावर मऊ सुती कापडाने पुसून ठेवा. पाण्यात बुडवू नका, धागा ओला राहतो. माळ खुंटीला लटकवू नका, ताणते. मऊ कापडात आडवी ठेवा. खरे मोती हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, पण पितळी आणि चांदीच्या तारेचे दागिने आपल्याकडच्या पावसाळ्यात काळवंडतात, त्यांना सिलिका जेलची पुडी घालून बंद डबीतच ठेवा. नेहमी वापरातली माळ वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा ओवावी. गाठी मळकट दिसू लागल्या किंवा मोती आणि गाठ यांत फट पडली, की वेळ झाली.

तुमच्या दोन-तीन माळा झाल्या की घरातून मागणी येईल: आजीची जुनी माळ ओवून दे. काचेची असेल तर खुशाल घ्या. खऱ्या मोत्यांची असेल तर थांबा, निदान दहा-बारा माळा हातून जाईपर्यंत. तोवर ती सराफाच्या ओळखीच्या पटवेकऱ्याकडे (दागिने ओवून देणाऱ्या कारागिराकडे) न्या, शक्य असेल तर समोर बसून ओवून घ्या आणि त्याचे हात पाहा. आणि जेव्हा स्वतः घ्याल, तेव्हा कापण्याआधी माळेचा पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, मोती मोजून आकडा लिहा, आणि एका वेळी चार-पाचच मोती सोडवून त्याच क्रमाने ताटात मांडत जा. जुन्या छिद्रांत मळ आणि तुटक्या रेशमाचे तंतू अडकलेले असतात, ते नवी सुई घालण्याआधी बारीक तारेने साफ करून घ्या.